हॉलचं पीओपी आणि बाबांचा होकार

आमच्या हॉलला पीओपी करायचं ठरलं ते माझ्या नवऱ्याच्या एका मित्राकडे जेवायला गेल्यामुळे. त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये छताला चारी बाजूंनी पांढरीशुभ्र पायऱ्यांची किनार होती. तिच्या आतून पिवळसर उजेड झिरपत होता आणि दिवा मात्र एकही दिसत नव्हता. नवरा जेवताना सारखा वर बघत होता. मित्राच्या बायकोला वाटलं, वर पाल आहे की काय. परत येताना स्कूटरवर तो म्हणाला, "आपल्याकडे पण करायचं. बुद्धपौर्णिमेच्या आत."

आमचा फ्लॅट भिवंडीत दुसऱ्या मजल्यावर. घरात माझे सासू-सासरे आणि आम्ही दोघं. मुलगी नाशिकला हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकते. नवरा एका गोडाऊनवर सुपरवायझर आहे आणि मी दुसऱ्या गोडाऊनच्या ऑफिसात बिलं आणि हिशेब बघते. त्यामुळे घरात काहीही करायचं निघालं की स्वप्न त्याचं आणि एस्टिमेट माझं, अशी आमची वाटणी पहिल्यापासून आहे. माझी भिशी नुकतीच लागली होती. मी सांगून टाकलं, एक लाख. त्यात छत, दिवे, वायरिंग, रंग, सगळं बसलं पाहिजे. त्याच्या वर एक रुपया नाही.

"आणि बुद्धांच्या तसबिरीमागे लपवलेली लाईट?" त्याने विचारलं.

"बसली तर बसली."

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, यातलं किती कळलं होतं कोण जाणे. ते मूळचे गणेशपुरीकडचे. तरुणपणी भिवंडीत कापडाच्या लूमवर आले आणि सगळी नोकरी कारखान्यातच झाली. आधी कामगार, मग जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम चालू करून देणारा माणूस. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. कानाचं मशीन आम्ही आणलं होतं, पण ते लावलं की पंख्याचा घरघराट, कुकरची शिटी, खालच्या ट्रकचे हॉर्न सगळं एकदमच डोक्यात शिरतं म्हणून त्यांनी ते डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. तशी दिवसा फार अडचण येत नसे. जरा मोठ्याने बोललं की बाबा बरोबर उत्तर द्यायचे, वर दोन टोमणेही मारायचे. संध्याकाळ झाली की मात्र गप्प. विचारलं तर "हां." परत विचारलं तर "हां, हां." आम्ही म्हणायचो, वय झालं, दिवसभर इकडेतिकडे फिरतात, दमत असतील.

पीओपीचा ठेकेदार नवऱ्याच्या गोडाऊनवरच्या कुणाच्या तरी ओळखीने मिळाला. उत्तर प्रदेशातला, चाळिशीचा, बोलायला फार गोड. टेप लावून त्याने हॉल मोजला, वर बघत डोळे बारीक केले आणि म्हणाला, "भाभी, हाइट अच्छी है. कुछ भी बन सकता है." हे 'कुछ भी' मला महागात पडणारं वाटलं. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि एकेक दर विचारायला सुरुवात केली. सपाट छत स्क्वेअर फुटाने. किनार आणि तिच्यातली लपवलेल्या लाईटची खाच फुटाच्या लांबीने, ती वेगळी. दिव्यांसाठी भोकं पाडायची, ती नगावर. वायरिंग त्याच्याकडे नाहीच, ते इलेक्ट्रिशियनचं. घासकाम आणि रंग पेंटरचा. म्हणजे छत एकच, पण पैसे घेणारे हात तीन.

"आप एक बार मेरा काम देख लो, फिर बात करेंगे," तो म्हणाला.

म्हणून रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं त्याने नुकतंच पूर्ण केलेलं एक घर बघायला गेलो. घरमालक राहायला आले नव्हते. हॉल रिकामा होता, आणि त्याने आमच्यासाठी मुद्दाम मोठे दिवे बंद ठेवून फक्त किनारीतली लपवलेली लाईट लावली होती. सगळी खोली मधाच्या रंगाची दिसत होती. नवरा तर दारातच थांबला. मी किनारीचे जोड तपासत होते, आई, म्हणजे सासूबाई, स्वयंपाकघराचा ओटा बघायला गेल्या होत्या. ठेकेदार बाबांना घेऊन मधोमध उभा होता, छताकडे हात करून काहीतरी समजावत होता, आणि बाबा मान हलवत होते. मला बरं वाटलं. म्हटलं, बाबांना रस आहे तर.

दोन दिवसांनी तिघांचं मिळून एस्टिमेट आलं. एक लाख सत्तर हजार. मी एकेक ओळ वाचत गेले आणि एका ओळीवर अडकले. हॉलच्या मध्यभागी गोल ताटासारखं नक्षीकाम, त्याला तीन रंगांची लाईट, रिमोट, आणि झुंबर.

मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने माझ्याकडे. "माझी शपथ," तो म्हणाला, "मी झुंबराचं नाव काढलेलं नाही."

संध्याकाळी ठेकेदाराला बोलावून घेतलं. तो बिचारा गोंधळला. "भाभी, झूमर तो चाचाने बोला था. मैंने पूछा, चाचा, बीच में झूमर लगाना है ना? बोले, हां. मैंने पूछा, तीन कलरवाला? बोले, हां. रिमोट? हां."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा सोफ्याच्या कोपऱ्यात बसले होते. नवऱ्याने जवळ जाऊन मोठ्याने विचारलं, "बाबा, तुम्ही झुंबर सांगितलं ह्याला?"

"मी?" बाबा म्हणाले. "मी कवा सांगितलं? झुंबर कशाला? डोक्यात पडेल."

"चाचा, आपने तीनों बार हां बोला," ठेकेदार काकुळतीने म्हणाला.

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पहिल्यांदाच पाहत होते. राग नव्हता तो. कोणी आपल्याला चारचौघांत पकडावं आणि पळायला जागा नसावी, तसा तो चेहरा होता. ते उठले आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. ठेकेदाराला चहा दिला, नवं एस्टिमेट नंतर बोलू म्हणून वाटेला लावलं. मग मी स्वयंपाकघरात आईंपाशी गेले. त्या मेथी निवडत होत्या.

"बाबांनी त्याला हो म्हटलंच असणार, आई. आता विसरले असतील."

आईंनी वर न बघताच सांगितलं, "इसरले न्हाय गं बाय. काळोखात ह्यांना ऐकू येत न्हाय."

मला वाटलं, आई चुकून बोलल्या. "काळोखात दिसत नाही म्हणायचंय का तुम्हाला?"

"ऐकू येत न्हाय," त्यांनी परत सांगितलं, आणि मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग ज्या सहजतेने त्या रेशनच्या रांगेचं सांगतात त्याच सहजतेने मला सगळं सांगितलं. कारखान्यात लूम चालू असताना कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. मग तिथले सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलायचे. बाबा तर पलीकडच्या भिंतीजवळचा माणूस काय म्हणतो तेही ओळखायचे. पुढे कान गेले, पण ओठ वाचायची सवय राहिली. आपण मोठ्याने बोलतो ते त्यांना फारसं पोचतच नाही. ते आपलं तोंड बघतात. दिवसा बाल्कनीच्या दारातून उजेड येतो, तेव्हा चालतं. संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये एकच ट्यूब, तीही टीव्हीच्या डोक्यावर. टीव्हीकडे पाठ करून कोणी बोललं की त्याचं तोंड काळं दिसतं.

"मग ते सांगत का नाहीत?"

"किती येळा सांगायचं? परत बोल, परत बोल... माणसाला लाज वाटते. हां म्हटलं की सुटका."

मी तिथेच पाटावर बसले. लग्न होऊन मला वीस वर्षं होत आली होती. सासूबाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना वाटत होतं घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या स्वतः बाबांशी बोलताना नेहमी त्यांच्या समोर जाऊन बसतात, ते मी रोज बघत होते. मला ते प्रेम वाटायचं. तेही होतंच म्हणा.

मग मला एकेक आठवायला लागलं. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी विचारायची, "बाबा, कारल्याची भाजी करू का?" आणि ते म्हणायचे, "हां." मी आईंना विचारलं, "आई, बाबांना कारलं आवडतं ना?"

आई हसू दाबत म्हणाल्या, "लहानपणापासून बघवत न्हाय त्यांना."

इतकी वर्षं दर आठवड्याला मी त्या माणसाला कारलं खाऊ घातलं होतं, तेही त्याच्या परवानगीने.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो लगेच उठला. हात धुतले, बाल्कनीत गेला, बाबांच्या खांद्याला हात लावून त्यांना आत आणलं. मग माळ्यावरून लांब वायरचा बोर्ड आणि होल्डर काढला, बल्ब लावला आणि ट्यूब बंद केली.

"बाबा, मला सांगा, कुठे उजेड धरला की माझं बोलणं कळतं," तो अगदी समोर बसून, सावकाश म्हणाला.

बाबा आधी तयारच होईनात. "काय खेळ लावलाय," म्हणाले. पण नवरा हट्टाला पेटला होता. मी बल्ब धरला, तो आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचा, आणि बाबांनी ओळखायचं. मी बल्ब त्याच्या डोक्याच्या बरोबर वर धरला.

"काय कळत न्हाय. नाकाची सावली पडते तोंडावर," बाबा म्हणाले.

पाठीमागे धरला. "आता तर नुसतं भूत दिसतंय."

समोरून, जरा उंचावरून, बाबांच्याच डोक्यामागून धरला. बाबा थोडे पुढे झुकले. "पगार... पगार कधी... पगार उशिरा होणार हाय?"

"बरोबर!" नवरा ओरडला. पगार खरंच उशिरा होणार होता, हे मलाही तेव्हाच कळलं.

मग बाबांना जोर आला. पिवळा बल्ब काढून पांढरा लावायला सांगितला. आईंना उभं केलं. आई ओठ हलवून जे म्हणाल्या ते बाबांनी लगेच ओळखलं, पण आम्हाला सांगितलं नाही. दोघंही नुसते हसत राहिले. मला त्यांनी पूर्ण मार्क दिले. शेवटी पोराकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याचं अर्धंच कळतं. तुझी मिशी काप."

नवऱ्याची मिशी कॉलेजपासूनची. आमच्या लग्नाच्या फोटोत नवरदेवापेक्षा ती आधी दिसते. त्याने आरशात बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओठाच्या वर नीट कातरून आला. पूर्ण काढायची हिंमत झाली नाही. बाबांनी तपासून सांगितलं, "आता चालेल."

पुढचे काही दिवस मी ऑफिसातून आल्यावर तेच करत होते. हॉलमध्ये कोण कुठे बसतं, बाबांचं तोंड कुठल्या बाजूला असतं, कोण कुठून बोलतं, हे बघायचं आणि मग तिथे दिवा लावायचा. आतापर्यंत मी छताचा हिशेब करत होते, आता माणसांचा करायला लागले. सोपं झालं सगळं. मधलं गोल ताट गेलं. झुंबर गेलं, रिमोट गेला. छताचा मधला भाग आहे तसाच ठेवायचा, पंखाही जागचा हलवायचा नाही. फक्त चारी कडांना फूटभर रुंदीची साधी सपाट किनार, आणि तिच्यात पांढरे चौकोनी पॅनल लाईट, पण बसणाऱ्याच्या डोक्यावर नाहीत, त्याच्या समोर. दोन समोरासमोरच्या भिंतींवर लांब ट्यूब. आणि स्वयंपाकघराच्या दारावर हॉलच्या बाजूने एक दिवा, कारण मी आणि आई निम्मं बोलणं तिथूनच करतो.

नवऱ्याने मागाहून यादीत घुसवलेलं आमच्या बेडरूमचं छत मी काढून टाकलं. तिथे आहे तो बल्ब चालेल म्हटलं. जे पैसे वाचले त्यात इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेतली. भिवंडीत लाईट जाते तेव्हा सांगून जात नाही, आणि इतके दिवस आमच्या इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि टीव्ही होता. मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं, टीव्ही काढा, सोफ्यासमोरचा दिवा घ्या. तो म्हणाला, टीव्ही काढणारं घर मी पहिल्यांदा बघतोय.

ठेकेदाराने नवं एस्टिमेट करताना थोडं तोंड वाकडं केलं, त्याचं कामच कमी झालं होतं. पण दिवे असे का, हे नवऱ्याने त्याला समजावलं तेव्हा त्याचं तोंड सरळ झालं. मग बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसला, हातातल्या मोबाईलचा टॉर्च स्वतःच्याच तोंडावर धरला आणि म्हणाला, "चाचा, झूमर कॅन्सल?"

बाबा म्हणाले, "कॅन्सल!"

सगळं एक लाखाच्या थोडं आत बसलं. उरलेल्या पैशांत नवऱ्याला त्याची लपवलेली लाईट मिळाली, बुद्धांच्या तसबिरीमागे, हातभर लांबीची. तेवढ्यावर तो खूश झाला.

काम चालू असताना आम्ही सगळे एका खोलीत राहिलो. सोफ्यावर, टीव्हीवर, कपाटावर प्लास्टिक पसरलेलं, तरी पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ डाळीच्या डब्यापर्यंत पोचली. बाबा रोज सकाळी खुर्ची घेऊन दारात बसायचे आणि काम बघायचे. एकदा त्यांनी कारागिराला थांबवून किनार एका कोपऱ्यात खाली उतरलीय असं सांगितलं. त्याने दोरी लावून बघितलं, किनार सरळ होती. "माझेच डोळे तिरके असतील," म्हणाले आणि परत बसले.

दिवे लागले त्या संध्याकाळी आईंनी खीर केली. हॉल त्या रिकाम्या घरासारखा मधाच्या रंगाचा नव्हता. खरं सांगायचं तर बँकेसारखा दिसत होता. नवऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित निराशा होती, ती मी बघितली. आम्ही जेवायला बसलो. मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तिला छत दाखवलं, ती म्हणाली छान आहे, पण जरा दवाखाना वाटतो. फोन माझ्या हातात होता, बाबा माझ्या शेजारीच बसले होते. ते वाटीतली खीर ढवळत म्हणाले, "दवाखाना काय, तू नर्स हायेस ना? मग तुला बरं."

कोणी त्यांना ते मोठ्याने सांगितलं नव्हतं. तिचा आवाज तर त्यांना आलाच नसता. स्क्रीनवर तिचं तोंड दिसत होतं, हॉस्टेलच्या खोलीत ती दिव्यासमोर बसली होती. नवऱ्याने चमचा खाली ठेवला आणि बराच वेळ वर छताकडे बघत राहिला. त्यानंतर तो मधाच्या रंगाबद्दल कधी बोलला नाही.

आता बाबा संध्याकाळी बोलतात. खूप बोलतात. बातम्यांवर बोलतात, माझ्या ऑफिसातल्या माणसांवर बोलतात, शेजारच्यांचं भांडण समोरच्या गॅलरीत चालू असेल तर इथून ऐकवतात. महिन्याभरापूर्वी त्यांच्या कारखान्यातले एक जुने सोबती भेटायला आले, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. मी कामावरून आले तर घरात चिडीचूप. मला भीतीच वाटली. आत पाहिलं तर सगळे दिवे लावून दोघं म्हातारे समोरासमोर बसले होते, आवाज अजिबात न काढता ओठ आणि हात हलवत होते, आणि हसून हसून चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आई बाजूला बसून तांदूळ निवडत होत्या. मी खुणेनेच विचारलं, काय चाललंय? आई म्हणाल्या, "शेटला शिव्या देतायत. तेव्हा पण अशाच द्यायचे, त्याच्या समोर."

एक तोटा मात्र झालाय. मला आणि नवऱ्याला हॉलमध्ये काहीच गुपचूप बोलता येत नाही. मागच्या आठवड्यात आम्ही दोघं टीव्हीपाशी उभं राहून ठरवत होतो, आई-बाबांना न सांगता अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन जायचं, आईंचे गुडघे दुखतात म्हणून. मी म्हटलं, रविवारी जाऊ. तो म्हणाला, गाडी मित्राची मिळेल. सोफ्यावरून बाबा म्हणाले, "रविवारी नको. गर्दी असते. बुधवारी चला."

आई म्हणाल्या, "कुठे चला?"

बाबांनी आमच्याकडे बघितलं, मग आईंकडे वळून म्हणाले, "काय न्हाय. तुला मागून कळेल."

बुधवारी मी सुट्टी टाकली आहे.